विश्लेषण : ऑफिसचे इंटरनेट रिकामे, तरी मीटिंग का अडकते? हे गणित सोडवणारे एर्लांग कोण होते?

महिन्याच्या अहवालात ऑफिसचे इंटरनेट निम्मेही वापरलेले दिसत नाही. तरी सकाळच्या व्हिडीओ मीटिंगमध्ये आवाज तुटतोच. सरासरी अशी कशी फसवते, याचे गणित शंभर वर्षांपूर्वी टेलिफोनसाठी मांडले गेले. ते मांडणारे आग्नर क्रारुप एर्लांग हे डॅनिश गणितज्ञ.

मास्तर ते टेलिफोन कंपनी

एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८चा. वडील शाळामास्तर. कोपनहेगन विद्यापीठातून १९०१ मध्ये गणिताची पदवी घेतल्यावर तेही काही वर्षे शिक्षक होते. गणितज्ञांच्या संघटनेत त्यांची ओळख योहान येन्सन यांच्याशी झाली. येन्सन हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता. १९०८ मध्ये एर्लांग त्याच कंपनीत रुजू झाले.

कंपनीपुढे प्रश्न होता, लाइन किती टाकायच्या? कमी टाकल्या तर ग्राहक ताटकळणार, जास्त टाकल्या तर पैसा वाया. कॉल कधीही, कसेही येत असले तरी त्यांची संख्या संभाव्यतेच्या ठरावीक नियमाने चालते, हे एर्लांग यांनी १९०९ मध्ये दाखवले. १९१७ मध्ये त्यांची प्रसिद्ध सूत्रे आली.

समजा, तासाभरात सरासरी ४ मिनिटांचे ३० कॉल येतात. म्हणजे १२० मिनिटे, अर्थात दोन लाइनचे काम. मग दोन लाइन पुरतील? नाही. एर्लांग यांच्या सूत्रानुसार ४० टक्के कॉल लागणारच नाहीत, कारण कॉल रांगेने नव्हे, घोळक्याने येतात. पाच लाइन टाकल्या तर हे प्रमाण ४ टक्क्यांखाली येते.

हा माणूस निव्वळ कागदावरचा नव्हता. मोजमापासाठी ते स्वतः रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये उतरत. शिडी घेतलेला कामगार मागे असे.

मग इंटरनेटचे काय?

डेटा कॉलपेक्षाही लहरी. अमेरिकेतील बेलकोरच्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात कार्यालयीन नेटवर्कच्या मोजमापांवरून दाखवले, की तिथे टेलिफोनचा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. त्यामुळे राउटरवरचा वापर पाच मिनिटांच्या सरासरीने पाहिला, तर काही सेकंदांचा पूर दिसतच नाही. गर्दीच्या तासाचे, बारीक अंतराने घेतलेले आकडेच उपयोगी पडतात.

एर्लांग अविवाहित होते. सुमारे वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आजारपणाची रजा घेतली नाही. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी ते रुग्णालयात गेले आणि ३ फेब्रुवारीला, वयाच्या ५१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९४६ मध्ये टेलिफोन वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय एककाला एर्लांग नाव मिळाले. पुढे एरिक्सन कंपनीत घडलेल्या प्रोग्रामिंग भाषेचेही नाव तेच. व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर याच भाषेवर उभे राहिले.