मलिक अंबर : पिकेल तेवढ्यावरच सारा घेणारा वजीर

पाचोऱ्याहून दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर ओलांडला की जो मुलूख लागतो, तिथे चारशे वर्षांपूर्वी एका हबशी वजिराने शेतसाऱ्याची घडी बसवली. आपल्या मुलांना मलिक अंबर माहीत असतात ते गनिमी काव्यामुळे. आम्हाला त्यांचा महसूल जास्त मोलाचा वाटतो. कापसावर घर चालणाऱ्या तालुक्यात राहून दुसरे काय वाटणार!

जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियातला. नाव चापू. लहानपणीच विकले गेले, हातोहात बगदादला पोचले. तिथे मीर कासिम या धन्याने लिहायला-वाचायला शिकवले, अंबर हे नाव दिले. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याने त्यांना घेतले. तोही कधीकाळी गुलामच होता. चंगेज खान गेल्यावर अंबर मोकळे झाले.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला. पुढच्याच वर्षी असीरगड गेला आणि आपला खानदेश अकबर बादशहाचा झाला. अंबर यांनी मात्र दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवून निजामशाही पंचवीस वर्षे उभी ठेवली. लढायला पैसा हवा, आणि पैसा येणार शेतातूनच.

तोवर चाल अशी होती की मक्तेदाराने सरकारात रक्कम भरायची आणि रयतेकडून निघेल तेवढे ओढायचे. अंबर यांनी हा मक्ताच बंद केला. जमिनीची पाहणी करून प्रत ठरवली. पिकाचा साधारण दोन पंचमांश वाटा धान्यात घेतला. काही हंगाम पाहून तोच रोखीत, सुमारे एक तृतीयांश केला. वसुली ब्राह्मण कारकुनांकडे, देखरेख मुसलमान अंमलदारांकडे. आकारणी दरसाल पीकपाणी बघून. आज पैसेवारी आणि पंचनाम्यावरून जी हुज्जत होते, तिचे मूळ याच प्रश्नात आहे : नापिकीचा बोजा सरकारने सोसायचा की शेतकऱ्याने?

१६१० मध्ये त्यांनी खडकी वसवली, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे डोंगरातले पाणी जमिनीखालून नहरीने आणले.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. मोगलांची रसद तोडायची म्हणजे चारा-दाणा उधळायचा, आणि तो असायचा रयतेचाच. वजीर कागदावर जे वाचवी, त्यातले पुष्कळ लढाई खाऊन टाकी.

१६२६ मध्ये त्यांचा इंतकाल झाला; कबर खुलताबादला आहे. चारच वर्षांनी दख्खन, खानदेश आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. १६३३ मध्ये त्यांचा मुलगा फतेह खान याने दौलताबाद मोगलांच्या हवाली केले. राज्य बुडाले, पण साऱ्याची पद्धत राहिली. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी तीच पुढे चालवली. दोनशे वर्षांनी, १८२६ मध्ये, ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास छापला, त्यातही अंबर यांच्या लढायांसोबत त्यांच्या महसुलाची नोंद आहे.