ज्या वतनाचा समाजाला अभिमान होता, तेच मोडण्यासाठी बाबासाहेब तीन दशकं झटले

मे १९२७. आज ज्या भागाला आपण कुळगाव-बदलापूर म्हणून ओळखतो, त्या बदलापुरात शिवजयंतीचा उत्सव होता. शिवाजी महाराजांच्या जन्माला ३०० वर्षं झाली असं तेव्हा मानलं जात होतं, म्हणून त्या वर्षी हा उत्सव जोरात होता. अध्यक्ष म्हणून बोलावलं होतं ३६ वर्षांच्या एका बॅरिस्टरला, डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांना.

दीड महिन्यापूर्वीच, मार्चमध्ये, महाडला चवदार तळ्याचं पाणी पिऊन त्यांनी अख्खा इलाखा हलवला होता. तळ्याची गोष्ट आपल्याला शाळेत शिकवतात. पण त्याच महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी लोकांच्या पचनी पडायला जास्त अवघड गेली. मेलेली जनावरं ओढणं सोडा, बलुतं सोडा, मोकळ्या जमिनी मिळवून स्वतःची शेती करा.

हे अवघड का होतं, ते समजायला आधी महार वतन म्हणजे काय ते बघावं लागेल.

वतन नेमकं होतं काय?

गावगाड्यात पाटील वतनदार, कुलकर्णी वतनदार, तसा महारही वतनदार. गावाच्या सीमा राखायच्या, सरकारी निरोप पोचवायचे, जमा झालेला सारा खजिन्यात न्यायचा, गावात आलेल्या साहेबाची सरबराई करायची, मयताची बातमी गावोगाव सांगायची, मेलेलं ढोर ओढून न्यायचं. कामाला वेळकाळ नाही. घरचा बाप्या आजारी असेल तर पोराने किंवा बाईने जायचं.

बदल्यात काय? थोडी इनाम जमीन, सुगीला शेतकऱ्यांकडून बलुतं, आणि येसकराची पाळी आली की दारोदार भाकरी. इंग्रजांनी ही पद्धत मोडली नाही. उलट १८७४ च्या वतन कायद्यात ती पक्की बसवली. सरकारला जवळपास फुकटात राबणारा माणूस गावोगाव मिळत होता, मग ते कशाला मोडतील?

पण खरी गोम पुढे आहे. हे वतन फक्त लादलेलं ओझं नव्हतं, लोकांना त्याचा अभिमानही होता. बेदरच्या बादशहाने महारांना ५२ हक्कांची सनद दिली, अशी परंपरा घराघरात सांगितली जायची. आपण भिकारी नाही, वतनदार आहोत, गावावर आपला हक्क आहे, ही भावना होती. आणि तोच हक्क माणसाला गावकुसाबाहेर खिळवून ठेवत होता. वतन सोडायचं तर जमीन जाणार, भाकरी जाणार आणि वर ओळखही जाणार. नाही सोडलं तर अस्पृश्यता सुटणार नाही, कारण ती त्या कामालाच चिकटलेली.

बाबासाहेबांना हे का दिसलं?

कारण ते स्वतः वतनाच्या बाहेर वाढले होते. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या लष्करी छावणीत जन्म. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे, पण वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. घरात दर महिन्याला पगार यायचा, बलुतं नाही. त्या पगारातून शिक्षण आलं. पुढे बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, मग लंडनला. पदव्या अर्थशास्त्राच्या, म्हणून गावगाड्याकडे ते हिशेबाच्या नजरेनेही बघायचे.

१९२३ मध्ये परत आल्यावर त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. म्हणजे ज्या समाजाचं पुढारपण करायचं, त्याच्या दुःखावर स्वतःची चूल पेटलेली नव्हती.

महाडनंतर महिन्याभरातच त्यांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक काढलं आणि त्यातून महार वतनावर लिहायला लागले. रोख सरकारवर होता, तसाच स्वतःच्या माणसांवरही.

कौन्सिलातली लढाई

१९ मार्च १९२८ ला मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. मागणी साधी होती. ज्याला वतनाच्या कामातून मोकळं व्हायचं आहे, त्याला होऊ द्या. त्याची जमीन इतर शेतकऱ्यांसारखा सारा लावून त्याच्याकडेच ठेवा. बलुत्याच्या जागी रोख पैशांची सोय करा.

म्हणजे भाकरी आणि बेडी एकमेकांपासून सोडवायची. माणसाच्या पोटाची सोय केल्याशिवाय त्याला नुसतं काम सोड म्हणून भागणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये याच वाटेने पाऊल टाकलं होतं.

पण हे काम पगारी माणसं नेमून करायचं तर पैसा लागणार, म्हणून सरकार नाखूश. गावच्या पुढाऱ्यांनाही हाताखालचा माणूस सुटायला नको होता. विधेयक चिकित्सा समितीकडे गेलं, तिथे त्याचा मूळ गाभाच निघून गेला, आणि १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतलं.

१९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार म्हणून त्यांनी पुन्हा विधेयक आणलं. तेही पार पडलं नाही. उलट सरकारने वतनी जमिनींवरचा सारा वाढवला. मग डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या हरेगावला वतनदारांची मोठी परिषद भरली आणि बाबासाहेब तिथेही उभे राहिले. वतन मोडायला निघालेला माणूस वतनदारांसाठी लढत होता, कारण बेडी कायम ठेवून भाकरी तेवढी कमी करणं त्यांना मान्य नव्हतं.

५०० रुपयांचा हिशेब

ढोरं ओढणं सोडण्यावरून तर थेट आकडेमोड झाली होती. मेलेल्या जनावरांची कातडी, शिंगं, हाडं यातून वर्षाला सुमारे ५०० रुपये मिळतात, आंबेडकर आपल्या लोकांचं नुकसान करतायत, असा हिशेब संगमनेरकडच्या एकाने 'केसरी'त मांडला होता. बाबासाहेबांनी उलट विचारलं, एवढा फायदा आहे तर तुम्ही का नाही करत? वरून स्वतःच्या खिशातले ५०० देण्याची तयारी दाखवली. ही आठवण त्यांनी १५ ऑक्टोबर १९५६ ला, म्हणजे नागपूरच्या धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, भाषणात सांगितली.

त्या धर्मांतराची किंमतही त्यांना माहीत होती. अनुसूचित जातींच्या सवलती तेव्हा हिंदू आणि शीख धर्मातल्या जातींनाच होत्या. बौद्ध झालं की त्यावर पाणी सोडावं लागणार होतं. ज्या ओळखीतून सुटायचं, तिच्याच दाखल्यावर सवलत मिळत होती. तरीही लाखो लोक त्यांच्यामागे गेले. बौद्धांना या सवलती केंद्राकडून मिळाल्या त्या १९९० मध्ये.

राजकारणातही त्यांनी तेच ठरवलं होतं. स्वतः उभा केलेला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन हा पक्ष गुंडाळून सगळ्यांसाठी खुला असा रिपब्लिकन पक्ष काढायचा. तो १९५७ मध्ये निघाला, पण ते बघायला बाबासाहेब नव्हते. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं.

शेवटी वतन गेलं का?

गेलं. १९५८ मध्ये मुंबई राज्याने कनिष्ठ गाव वतनं रद्द करण्याचा कायदा केला. जमिनी ठरावीक रक्कम भरून मूळ वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. परवानगीशिवाय त्या विकता येणार नाहीत, ही अटही आली. गावकीचं काम पगारी कोतवालाकडे गेलं. १९२८ च्या विधेयकात मागितलेलं बरंचसं तीस वर्षांनी कायद्यात उतरलं.

आजही महाराष्ट्रात कितीतरी सातबाऱ्यांवर महार वतन ही नोंद दिसते. शहरं वाढली तशी या जमिनींना सोन्याचा भाव आला आणि त्यांच्या व्यवहारांचे वाद कोर्टात चालू आहेत. जमिनीवरची नोंद राहिली आहे, पण त्या जमिनीपायी कुणाच्या पोराला आता गावाचं ढोर ओढावं लागत नाही.