रिचर्ड रेटी : पटावरची तिरकी वाट

रिचर्ड रेटी यांचा जन्म २८ मे १८८९ रोजी पेझिनोक या गावी झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज ते स्लोव्हाकियात आहे. गणित शिकायला ते व्हिएन्नाला गेले आणि बुद्धिबळातच रमले. थोरले भाऊ रुडॉल्फ संगीतकार झाले.

१९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत रेटींनी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवलं. कापाब्लांका त्याआधी आठ वर्षं एकही डाव हरले नव्हते! पुढच्याच वर्षी ब्राझीलमध्ये पट न बघता एकाच वेळी २९ जणांशी खेळून त्यांनी विक्रम केला. ६ जून १९२९ रोजी प्राग येथे स्कार्लेट तापाने त्यांचं निधन झालं. चाळिशी पूर्ण होऊन नऊच दिवस झाले होते.

पण मुलांसमोर मांडावं असं मला वाटतं ते त्यांचं १९२१ सालचं कोडं. पटावर चारच सोंगट्या. पांढरा राजा एच ८, त्याचं प्यादं सी ६. काळा राजा ए ६, त्याचं प्यादं एच ५. चाल पांढऱ्याची. काळं प्यादं वजीर व्हायला पळत सुटलंय, पांढरा राजा मागे पडलाय आणि त्याचं प्यादं काळ्या राजाच्या तावडीत आहे. कुणीही म्हणेल, पांढरा हरला. रेटींनी दाखवलं की डाव बरोबरीत सुटतो.

पांढरा राजा सरळ खाली न जाता तिरका जातो: जी ७, मग एफ ६. काळा राजा बी ६ वर आला की हा ई ५ वर. आता काळ्याने प्यादं खाल्लं, तर एफ ४, जी ३ करत हा काळं प्यादं गाठतो. काळ्याने प्यादंच पळवलं, तर हा डी ६ वर जाऊन आपलं प्यादं पुढे काढतो आणि दोघांचेही वजीर होतात.

चौथी-पाचवीच्या मुलांना घरं मोजायला लावा. एच ८ पासून एच २ पर्यंत सरळ सहा चाली, आणि ई ५ वरून वळसा घालून गेलं तरी सहाच! आपल्या भूमितीत असं होत नाही, मुलं लगेच भांडायला उठतात.

आज सात सोंगट्यांपर्यंतची प्रत्येक स्थिती संगणकाने मातेपासून उलटं मोजत सोडवून ठेवली आहे. हे कोडं तो क्षणात सोडवतो: बरोबरी, आणि पहिली चाल एकच, जी ७. का, ते मात्र तो तक्ता सांगत नाही. म्हणून पालकांनो, आधी पट मांडा, मोबाइल नंतर काढा.