रामशास्त्री प्रभुणे : न्यायासन आणि प्रायश्चित्त

साताऱ्यानजीक कृष्णा-वेण्णा संगमावरील माहुली हे रामशास्त्री प्रभुणे यांचे गाव. विशीपर्यंत त्यांना अक्षरओळखही नव्हती. सावकाराच्या घरी चाकरीत असता झालेला अपमान जिव्हारी लागून ते काशीस गेले, असे परंपरा सांगते. तेथे धर्मशास्त्राचे अध्ययन करून ते पुण्यास आले आणि १७५९ साली पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश झाले. घरात एका दिवसापुरताच शिधा ठेवण्याचा त्यांचा परिपाठ होता.

माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीतील (१७६१–१७७२) एक प्रसंग ग्रँट डफने पुढे १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात नोंदविला आहे. तरुण पेशवे जपध्यानात गढून जात व राजकाज खोळंबे. शास्त्र्यांनी काशीस जाण्याची अनुज्ञा मागितली. कारण विचारता त्यांनी स्पष्ट केले की, राज्य स्वीकारणाऱ्या ब्राह्मणाचा धर्म प्रजापालन हाच होय. ते जमत नसेल तर पेशव्यांनीही गादी सोडून काशीची वाट धरावी. माधवरावांनी तो परिपाठ सोडला. धर्माधिकाराच्या आसनावरील पुरुषाने धन्याचा जप सोडवावा, ही गोष्ट लहान नव्हे.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी वध केला आणि चुलते रघुनाथराव सत्तेवर आले. शास्त्र्यांनी चौकशी करून त्यांना दोषी ठरविले व देहान्त प्रायश्चित्त सांगितले. ‘ध’चा ‘मा’ झाल्याच्या आख्यायिकेने या निर्णयातील शब्दाकडे दुर्लक्ष झाले आहे. दंड देणे हे राजाचे काम. प्रायश्चित्त विद्वानांनी सांगावे आणि पापकर्त्याने आपण होऊन घ्यावे. येथे अपराधीच राज्यकर्ता, तेव्हा दंड करणार कोण? न्यायाधीशापाशी शिपाई नव्हते, शास्त्र होते. आणि ते मानणे न मानणे रघुनाथरावांच्या हाती होते. शास्त्र्यांच्या स्वाधीन एवढेच उरले की अशा राज्यात आपण न्यायदान करावयाचे नाही. पद टाकून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

पुढे बारभाईंनी रघुनाथरावांना सत्तेवरून दूर केले व शास्त्र्यांना सन्मानाने परत आणले. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले; १७७५ साली सुरतेचा तह झाला, दीर्घ युद्ध झाले. सांगितलेले प्रायश्चित्त त्यांनी घेतले नाही, कोणी घ्यावयास लावलेही नाही. १७८३ साली कोपरगाव येथे त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा रामशास्त्री पुण्यास न्यायासनावर होते. १७८९ साली निधन होईतो ते तेथेच राहिले.