'प्रभावी' म्हणजे ताकदवान नव्हे! मेंडेल यांच्या वाटाण्यांनी शिकवलेला अर्थ

आई-वडील दोघंही ठणठणीत, मग बाळाला सिकलसेल कसा झाला? असं निदान झालं की घरात हा प्रश्न येतोच. अनेकदा दोष आईच्या माथी मारला जातो. खरं उत्तर मात्र आनुवंशिकीतल्या एका साध्या शब्दात आहे: 'अप्रभावी'. हा शब्द समजून घ्यायचा तर ग्रेगोर मेंडेल यांची गोष्ट माहीत हवी.

शेतकऱ्याचा मुलगा

मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मधला. त्यांचं गाव तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं, आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. वडील शेतकरी. अपघातात ते जायबंदी झाले आणि मुलाच्या शिक्षणाचे वांधे झाले. तेव्हा धाकट्या बहिणीने स्वतःच्या लग्नासाठी राखलेल्या पैशांतला वाटा भावाला दिला. पुढे मेंडेल यांनी तिच्या मुलांच्या शिक्षणाला मदत करून ते ऋण फेडलं.

१८४३ मध्ये ते ब्रनो शहरातल्या मठात दाखल झाले. शिक्षक होण्याची परीक्षा त्यांनी दोनदा दिली, पण एकदाही पास झाले नाहीत. तरी बदली शिक्षक म्हणून ते शिकवत राहिले आणि मठाच्या बागेत वाटाणे लावत राहिले.

हिरवा रंग गेला कुठे?

आई-वडिलांचे गुण रंगांसारखे एकमेकांत मिसळतात, असा तेव्हा समज होता. १८५६ ते १८६३ या काळात मेंडेल यांनी सुमारे २८ हजार रोपांवर प्रयोग करून तो तपासला.

पिवळ्या दाण्यांच्या आणि हिरव्या दाण्यांच्या रोपांचा त्यांनी संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे पिवळे निघाले. पण त्याच दाण्यांपासून पुढची पिढी घेतली तेव्हा ६,०२२ दाणे पिवळे आणि २,००१ हिरवे मिळाले. म्हणजे जवळपास तीनास एक.

हिरवा रंग नाहीसा झाला नव्हता, फक्त लपला होता. प्रत्येक गुणासाठी आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन घटक येतात. एकच असला तरी दिसतो तो प्रभावी. दोन्हीकडून आला तरच दिसतो तो अप्रभावी. या घटकांना 'जीन' म्हणजेच जनुक हे नाव १९०९ मध्ये मिळालं.

नेहमी होणारी गल्लत

प्रभावी म्हणजे चांगला, ताकदवान किंवा जास्त लोकांत आढळणारा, असं अजिबात नाही. 'ओ' रक्तगट अप्रभावी आहे, तरी जगात सर्वाधिक लोकांचा तोच आहे.

हयातीत दखल नाही

१८६५ मध्ये मेंडेल यांनी आपलं काम ब्रनोच्या विज्ञान मंडळासमोर मांडलं. पुढच्या वर्षी ते छापूनही आलं, पण त्याचं महत्त्व फारसं कुणाला कळलं नाही. १८६८ मध्ये ते मठाचे प्रमुख झाले आणि कारभारात व सरकारशी करावरून झालेल्या वादात गुंतत गेले. जानेवारी १८८४ मध्ये त्यांचं निधन झालं. १९०० मध्ये तीन शास्त्रज्ञ स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षांवर पोहोचले, तेव्हा कुठे जगाने मेंडेल यांचा निबंध उघडला.

मग सिकलसेलचं काय?

विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात आढळणारा हा आजार अप्रभावी आहे. सदोष जनुक एकच असेल तर ती व्यक्ती 'वाहक' असते आणि सहसा तिला त्रास होत नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिल्या मुलाला झाला म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब इथे चालत नाही.

आणि यात दोष एकट्या आईचा नसतो. एक जनुक तिच्याकडून येतो, दुसरा वडिलांकडून. आपण वाहक आहोत का, हे रक्ततपासणीत कळतं. ती लग्नाआधी किंवा मूल होऊ देण्याआधी केलेली बरी, आणि दोघांनीही.