एका अक्षराचे मोल

दूरच्या, मंद प्रकाशाच्या नारिंगी ताऱ्याला खगोलशास्त्रज्ञ ‘के’ वर्गात घालतात. त्या एका अक्षरामागे एका स्त्रीचे चार दशकांचे परिश्रम आहेत, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

ॲनी जंप कॅनन यांचा जन्म ११ डिसेंबर १८६३ रोजी अमेरिकेतील डेलावेअर राज्यात, डोव्हर येथे झाला. नक्षत्रांची ओळख आईनेच करून दिली. १८८४ मध्ये त्या वेल्स्ली महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. पुढे श्रवणशक्ती बहुतांशी गेली. परंतु चिकाटी ढळली नाही. १८९६ मध्ये एडवर्ड पिकरिंग यांच्या हार्वर्ड वेधशाळेत त्या रुजू झाल्या.

तेथे स्त्रियांकडे येणारे काम कारकुनी समजले जाई आणि मोबदलाही तुटपुंजा असे. एकेका काचेवर असंख्य ताऱ्यांचे चिमुकले वर्णपट उमटलेले असत. त्या कृष्णधवल छायाचित्रात नारिंगी रंग दिसणार कोठून? भिंगाखाली दिसत त्या केवळ रेषा. हायड्रोजनच्या रेषा क्षीण, कॅल्शियमच्या ठळक आणि इतर धातूंच्या रेषांची दाटी, म्हणजे तारा ‘के’ वर्गाचा. कॅनन अक्षर उच्चारीत आणि साहाय्यक ते टिपून घेई.

पूर्वीच्या वर्गवारीतील अनावश्यक अक्षरे गाळून १९०१ मध्ये त्यांनी ओ, बी, ए, एफ, जी, के, एम असा क्रम सिद्ध केला. १९२२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने तो स्वीकारला. हा क्रम मुळात तापमानाचा आहे, हे कोडे उलगडण्यास मेघनाद साहा यांचा १९२० चा आयनीभवनाचा सिद्धांत कारणीभूत ठरला. ‘के’ तारा सूर्याहून थंड, म्हणूनच नारिंगी.

१९१८ ते १९२४ या काळात निघालेल्या सूचीच्या नऊ खंडांत २,२५,३०० ताऱ्यांचे वर्ग नोंदले गेले. त्या सूचीला नाव मात्र हेन्री ड्रेपर यांचे मिळाले. कारण खर्चाचा भार त्यांच्या पत्नीने उचलला होता. १९२५ मध्ये ऑक्सफर्डने कॅनन यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. खुद्द हार्वर्ड विद्यापीठाची रीतसर नियुक्ती १९३८ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी हाती पडली. १३ एप्रिल १९४१ रोजी त्यांचे निधन झाले.

नोंदी ठेवणाऱ्याचे काम हलके लेखण्याची सवय सर्वत्र आहे. परंतु त्या नोंदी नसत्या, तर साहांच्या सिद्धांताला पडताळा कशाशी घेता आला असता? मान उशिरा मिळाला, हा दोष संस्थेचा. कामाचे मोल त्याने उणे होत नाही.