रग्बी खेळणाऱ्या मास्तरनं हर्लिंग वाचवलं, पण पोरांची मैदानं वेगळीच राहिली

उत्तर आयर्लंडमध्ये पोरगं शाळेत कोणता खेळ खेळतं, यावरून त्याचा पंथ बऱ्याचदा ओळखता येतो. कॅथलिक शाळेत गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग. प्रोटेस्टंट मुलं जास्त असलेल्या सरकारी शाळेत रग्बी, हॉकी, क्रिकेट.

ही वाटणी समजून घ्यायची तर मायकल क्युसॅक या मास्तरांना भेटावं लागतं.

१८४७ साली, ऐन दुष्काळात, क्लेअर परगण्यातल्या कॅथलिक घरात त्यांचा जन्म झाला. कॅथलिक कॉलेजांत शिकवून पुढे त्यांनी डब्लिनमध्ये स्वतःची अकॅडमी काढली. गंमत म्हणजे तिथं ते स्वतः रग्बी खेळायचे. क्रिकेटचीही आवड होती.

पण तेव्हा मैदानी स्पर्धा साहेबी क्लबांच्या ताब्यात होत्या. मजूर-कारागिरांना दार बंद. जुनं हर्लिंगही मरायला टेकलेलं. म्हणून १ नोव्हेंबर १८८४ ला थर्ल्सच्या हेज हॉटेलात त्यांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन उभी केली. तिथं पंथाची अट नव्हती. गेलिक फुटबॉलचा सर्वात मानाचा चषक आजही सॅम मॅग्वायर या प्रोटेस्टंट माणसाच्या नावानं दिला जातो.

मास्तर तापट होते. १८८६ मध्येच त्यांचं सचिवपद गेलं, १९०६ मध्ये ते वारले. संघटनेनं मात्र रग्बी, सॉकर, क्रिकेट खेळणाऱ्यांवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. त्या नियमात खुद्द रग्बीवाले क्युसॅकही बसले नसते.

बंदी उठली, पण बहुतेक शाळा वेगळ्याच राहिल्या. ज्या पोरांशी कधी सामनाच होत नाही, त्यांच्याशी दोस्ती कुठं होणार?